गुलाबी अभ्रकाची चिठ्ठी: रंगावरून नाव ठरवता येतं का?

खनिजं जमवणाऱ्यांच्या बाजारात गुलाबी अभ्रकाचा नमुना आला की त्याच्यासोबतची चिठ्ठी बहुतेक वेळा सारखीच असते. 'लेपिडोलाइट. दुर्मीळ रंग.' आणि खाली एखाद्या देशाचं किंवा राज्याचं नाव. नमुना हातात घेऊन आपण खूश होतो, चिठ्ठी कोणी नीट वाचत नाही. आज मला त्या चिठ्ठीचंच परीक्षण करायचंय. पुस्तक परीक्षणात लेखकाच्या प्रत्येक दाव्याला आपण विचारतो ना, की बाबा रे, हे तू कशावरून म्हणतोस? तोच प्रश्न इथे दोन-तीन शब्दांना विचारायचा.

उदाहरण म्हणून घेऊया अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातली, टाओस परगण्यातली हार्डिंग खाण. अभ्रकाच्या रंगाबद्दल बोलायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही, कारण इथे एकाच पेग्मॅटाइटमध्ये लेपिडोलाइटही आहे आणि गुलाबी मस्कोव्हाइटही. दोन्ही गुलाबी-जांभळट, दोन्ही पापुद्र्यांची, दोन्ही नखाने ओरखडा उमटेल न उमटेल इतकी मऊ. पण खनिजं वेगळी.

आधी नमुन्याबद्दल

टीका करण्याआधी जे चांगलं आहे ते सांगायला हवं. हार्डिंगचा गुलाबी मस्कोव्हाइट पाहायला खरंच सुंदर असतो. आपल्या डोक्यातलं अभ्रक म्हणजे जुन्या इस्त्रीच्या कॉईलमधली पारदर्शक, किंचित तपकिरी पट्टी. इथे मात्र गुलाबाच्या पाकळीसारखे पापुद्रे आणि त्यांच्या शेजारी पांढऱ्याशुभ्र क्लीव्हलँडाइटची पाती. क्लीव्हलँडाइट म्हणजे अल्बाइट फेल्डस्पारचाच पात्यांसारखा वाढणारा प्रकार. गुलाबी आणि पांढरं शेजारी असल्यामुळे गुलाबी आणखी उठून दिसतं.

मस्कोव्हाइट हे पृथ्वीवरच्या अगदी सामान्य खनिजांपैकी एक. ग्रॅनाइटमध्ये, शिस्टमध्ये, नदीच्या वाळूत चमकणारे कण, सगळीकडे ते असतं. पण ते सहसा रंगहीन, रुपेरी, फिकट हिरवं किंवा तपकिरी असतं. स्वच्छ गुलाबी मस्कोव्हाइट मोजक्या ठिकाणीच मिळतं. त्यामुळे संग्राहकाला ते हवंसं वाटणं स्वाभाविक आहे. तक्रार नमुन्याबद्दल नाहीच. तक्रार आहे ती त्या गुलाबी रंगाकडून आपण जे वदवून घेतो त्याबद्दल.

पहिला शब्द: 'लेपिडोलाइट'

गंमत अशी की लेपिडोलाइटच्या नावाचा इतिहासच रंगाविरुद्धचा आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी मोराव्हियातल्या, म्हणजे आजच्या चेकियातल्या, रोझ्ना इथलं हे जांभळट खनिज अभ्यासकांसमोर आलं. आधी रंगावरून त्याला 'लिलालाइट' म्हटलं गेलं. मग १७९२ मध्ये क्लापरोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ग्रीकमधल्या खवल्याच्या शब्दावरून 'लेपिडोलाइट' हे नाव दिलं. रंग काढला, बनावट घेतली. आणि लक्षात घ्या, तेव्हा लिथियम कोणाला माहीतच नव्हतं. आर्फवेडसनने लिथियम शोधलं ते १८१७ मध्ये, तेही पेटालाइटमध्ये. म्हणजे आज आपण ज्याला 'लिथियमचं अभ्रक' म्हणून ओळखतो त्याला नाव मिळालं तेव्हा लिथियमचा पत्ताच नव्हता.

पुढे १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेने अभ्रकांची नावं नव्याने लावली. त्यानुसार लेपिडोलाइट हे आता एका खनिजाचं नावच नाही. ट्रायलिथियोनाइट आणि पॉलिलिथियोनाइट या दोन टोकांच्या दरम्यान किंवा जवळपास बसणाऱ्या लिथियमयुक्त अभ्रकांचं ते मालिकानाम आहे. 'बायोटाइट'चंही तसंच झालं. म्हणजे चिठ्ठीवर नुसतं 'लेपिडोलाइट' लिहिलं असेल तर ते बरोबर असलं तरी अपुरं आहे. आडनाव सांगितलंय, नाव नाही.

आणि हार्डिंगच्या बाबतीत बऱ्याचदा आडनावही चुकू शकतं. मस्कोव्हाइटमध्ये अष्टफलकी जागांपैकी दर तीनमधल्या दोन ॲल्युमिनियमने भरलेल्या असतात आणि एक रिकामी. लेपिडोलाइटमध्ये तिन्ही जागा भरलेल्या असतात आणि त्यातला मोठा वाटा लिथियमचा. पापुद्र्याचा सांगाडाच वेगळा. फरक वरवरचा नाही, पण दिसत मात्र नाही. हाइनरिक आणि लेव्हिन्सन यांनी १९५३ मध्ये 'अमेरिकन मिनरलॉजिस्ट'मध्ये गुलाबी मस्कोव्हाइटवर स्वतंत्र लेख लिहिला, त्यामागे हाच गोंधळ होता. गुलाबी दिसतं म्हणून लेपिडोलाइट म्हणायचं, हे किती धोक्याचं आहे ते त्या काळापासून माहीत आहे.

मग रंग येतो कुठून?

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हा भाग सावकाश वाचावा.

लिथियमच्या आयनाला रंग देण्याची क्षमता नाही. दृश्य प्रकाश शोषायला जे डी-इलेक्ट्रॉन लागतात ते त्याच्याकडे नाहीतच. म्हणूनच रंगहीन, राखाडी, पिवळसर लेपिडोलाइटही सापडतं. गुलाबी-जांभळा रंग देतं ते मँगनीज. लेपिडोलाइटमध्येही आणि गुलाबी मस्कोव्हाइटमध्येही. मँगनीज अगदी थोडं असलं तरी चालतं, पण एक अट आहे: लोह फार कमी हवं. लोह असलं की हिरवट-तपकिरी छटा येते आणि गुलाबी झाकून जातो.

पण मग गुलाबी अभ्रक आणि लिथियम इतक्या वेळा एकत्र का सापडतात? कारण दोघांचा आश्रयदाता एकच आहे. पेग्मॅटाइटचा रस थंड होत जातो तेव्हा लोह आधीच्या खनिजांमध्ये वापरलं जातं: बायोटाइट, काळं टूर्मलीन, गार्नेट. जसजसा शेवट जवळ येतो तसतसं उरलेल्या रसात लोहाच्या तुलनेत मँगनीजचं प्रमाण वाढतं. आणि ज्यांना आधीच्या खनिजांमध्ये जागा मिळत नाही असे लिथियम, रुबिडियम, सीझियम, फ्लोरिन हेही शेवटीच साठतात. म्हणून पेग्मॅटाइटच्या उशिराच्या पट्ट्यांत गुलाबी टूर्मलीन, गुलाबी बेरिल आणि जांभळं स्पोड्युमीन दिसतं. या सगळ्यांच्या गुलाबी-जांभळ्या रंगामागे मँगनीज आहे.

म्हणजे इथे काय झालं? गुलाबी रंग आणि लिथियम यांचा सहसंबंध खरा आहे. कार्यकारण संबंध नाही. दोन्ही एकाच प्रक्रियेची फळं. आणि गुलाबी मस्कोव्हाइट हा त्या सहसंबंधाचा अपवाद: मँगनीज आहे, लोह कमी आहे, लिथियम असलं तरी थोडंच. संख्याशास्त्राच्या तासाला आपण 'सहसंबंध म्हणजे कारण नव्हे' हे वाक्य पाठ करतो. त्याचं इतकं हातात धरता येण्यासारखं उदाहरण क्वचितच मिळेल.

पुढचा प्रश्न: मँगनीज, पण कोणतं? द्विसंयुजी मँगनीज फार फिकट रंग देतं, कारण त्याच्या इलेक्ट्रॉनांची संक्रमणं नियमाने जवळपास निषिद्ध असतात. त्रिसंयुजी मँगनीज थोडं असलं तरी ठळक रंग देतं. एखाद्या गुलाबी अभ्रकात यातलं कोणतं आणि ते कोणत्या जागी बसलंय, हे नुसतं पाहून ठरत नाही. केनियातल्या आर्चर्स पोस्टच्या गुलाबी मस्कोव्हाइटवर १९७५ मध्ये एक लेख आला. त्या अभ्रकाचा बहुवर्णीपणा नेहमीच्या अभ्रकांच्या उलट दिशेने होता. पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात दुसऱ्या गटाने आयन कुठे बसलेत यावर चर्चालेख लिहिला. रासायनिक विश्लेषण हातात असूनही तज्ज्ञांमध्ये वाद होतो, तिथे चिठ्ठी लिहिणाऱ्याने रंग बघून नाव ठोकणं जरा जास्तच झालं.

आपल्या पुण्याचंही असंच एक उदाहरण आहे. पुण्याचं हिरवं ॲपोफिलाइट जगभरच्या संग्रहांत आहे. हिरवं म्हटलं की मनात तांबं, क्रोमियम, निकेल असं काहीतरी येतं. जॉर्ज रॉसमन यांनी १९७४ मध्ये त्याचा प्रकाशीय वर्णपट तपासून दाखवलं की रंग व्हॅनेडियमचा आहे. डोळ्याने जो अंदाज केला असता तो सोडून वर्णपटाला विचारलं, म्हणून उत्तर मिळालं.

'आम्ही ईडीएस केलंय' हे उत्तर पुरेसं का नाही

आता कोणी म्हणेल, ठीक आहे, रंगावर विसंबू नका, यंत्र वापरा. बरोबर. पण इथे एक खड्डा आहे आणि त्यात पडणारे विद्यार्थीच जास्त असतात.

इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब किंवा एसईएमला जोडलेलं ईडीएस, ही आपल्याला सहज मिळणारी यंत्रं लिथियम नेहमीच्या पद्धतीने मोजू शकत नाहीत. लिथियमचे क्ष-किरण इतके कमी ऊर्जेचे असतात की ते शोधकापर्यंत धड पोहोचतच नाहीत. म्हणजे ज्या मूलद्रव्यावर नाव ठरणार, नेमकं तेच यंत्राला दिसत नाही.

आदर्श सूत्रांवरून आकडेमोड करून बघा, स्वतःच करा, अर्धा तास लागेल. आदर्श मस्कोव्हाइटमध्ये सिलिका साधारण ४५.३ टक्के, पोटॅशियम ऑक्साइड ११.८ टक्के. आदर्श ट्रायलिथियोनाइटमध्ये सिलिका ४५.२ टक्के, पोटॅशियम ऑक्साइड ११.८ टक्के. दिसला का फरक? नाही दिसला. आता एकूण बेरीज बघा. मस्कोव्हाइटमध्ये सुमारे ४.५ टक्के पाणी असतं, ते प्रोब मोजत नाही, म्हणून बेरीज ९५.५ च्या आसपास येते. ट्रायलिथियोनाइटमध्ये लिथियम ऑक्साइड ५.६ टक्के असतं, तेही प्रोब मोजत नाही. फ्लोरिन मोजून त्याची ऑक्सिजन-दुरुस्ती केली तर बेरीज ९४.४ च्या आसपास. दोन्हीकडे पाच टक्क्यांच्या आगेमागे तूट! एकीकडे पाण्याची, दुसरीकडे लिथियमची. आणि आपली सवय काय? 'उरलेलं पाणी' असं लिहून शंभर करायचं. त्या एका सवयीत अख्खं लिथियम गायब होऊ शकतं.

मग खुणा कुठे आहेत? दोन ठिकाणी. ॲल्युमिनियम ऑक्साइड मस्कोव्हाइटमध्ये ३८.४ टक्के, ट्रायलिथियोनाइटमध्ये ३१.९ टक्के. आणि फ्लोरिन आदर्श मस्कोव्हाइटमध्ये शून्य, तर आदर्श ट्रायलिथियोनाइटमध्ये साडेनऊ टक्के. नैसर्गिक नमुने या टोकांच्या मधे कुठेतरी असतात, त्यामुळे या खुणांवरून शंका घ्यायची, निकाल द्यायचा नाही. निकालासाठी लिथियम थेट मोजायला हवं: लेझरने कण उडवून एलए-आयसीपी-एमएसवर, किंवा नमुना विरघळवून. शिवाय एक्सआरडीने पापुद्र्यांची रचना बघता येते. मस्कोव्हाइट जवळपास नेहमी टू-एम-वन या रचनेत असतं, तर लेपिडोलाइट बऱ्याचदा वन-एम किंवा टू-एम-टूमध्ये. लेव्हिन्सनने १९५३ मध्ये या दोन्हींच्या मधल्या रसायनाचा आणि रचनेचा संबंध तपासला होता, तो लेख आजही वाचण्यासारखा आहे.

यंत्रच नसेल तर? जुनी ज्योत-परीक्षा आहे. लेपिडोलाइट ज्योतीत सहज वितळतं आणि ज्योत किरमिजी लाल करतं. मस्कोव्हाइट सहज वितळत नाही. अर्थात हे फक्त कपच्यावर करायचं, चष्मा लावून, कारण अभ्रक तापलं की उडतं. आणि गुलाबी मस्कोव्हाइटमध्येही थोडं लिथियम असू शकतं, म्हणून ज्योतीची हलकी लाली म्हणजे पुरावा नव्हे.

हे आगीचं प्रकरण आपल्याकडे फार जुनं आहे. रसशास्त्राच्या ग्रंथांत अभ्रकाची विभागणी दोन प्रकारे केलेली आढळते. एक रंगावरून: श्वेत, रक्त, पीत, कृष्ण. दुसरी आगीत टाकल्यावर ते कसं वागतं त्यावरून: पापुद्रे सुटे होतात ते पिनाक, फुसफुसतं ते नाग, बेडकासारखं उडतं ते मंडूक किंवा दर्दुर, आणि ज्यात काही बदल होत नाही ते वज्र. औषधासाठी वज्र उत्तम मानलं. त्यांचे वर्ग आजच्या खनिजनावांशी एकास एक जुळवायला जाऊ नका, ते जुळत नाहीत. पण नुसता रंग पुरत नाही, काहीतरी करून बघायला हवं, हा विचार तिथे स्पष्ट आहे. आजच्या चिठ्ठीत तो नाही.

दुसरा शब्द: 'दुर्मीळ'

'दुर्मीळ' या शब्दात किमान तीन वेगळे अर्थ कोंबलेले असतात. खनिज दुर्मीळ, रंग दुर्मीळ, की इतका मोठा आणि चांगला स्फटिक दुर्मीळ? हार्डिंगच्या मस्कोव्हाइटमध्ये खनिज मुळीच दुर्मीळ नाही. रंग आहे. श्रीलंकेत सापडलेलं आनंदाइट घ्या, ते बेरियमचं अभ्रक. तिथे खनिजच दुर्मीळ आहे, रंग मात्र काळा, म्हणजे शोकेसमध्ये कोणी वळूनही बघणार नाही. चिठ्ठीवर दोघांनाही एकच विशेषण लागतं. शोधनिबंधात आपण 'लक्षणीय' हा शब्द असाच वापरतो आणि मार्गदर्शक बाजूला लिहितात: कशाच्या तुलनेत? तोच प्रश्न इथे.

रंगाच्या दुर्मीळपणातही एक मेख आहे. अभ्रकाचा रंग जाडीवर अवलंबून असतो. आपल्याकडचं झारखंडच्या कोडरमा पट्ट्यातलं 'रुबी मायका' प्रसिद्ध आहे. जाड गठ्ठ्यात ते माणकासारखी लालसर छटा दाखवतं, एक पातळ पापुद्रा सुटा केला की जवळजवळ रंगहीन. शिवाय पापुद्र्याकडे समोरून बघणं आणि कडेने बघणं यात रंग बदलतो. मागून दिवा लावून काढलेला फोटो आणि खिडकीजवळ काढलेला फोटो, हे एकाच नमुन्याचे दोन वेगळे दावे आहेत. जाडी, दिशा आणि प्रकाश सांगितल्याशिवाय 'असाधारण गुलाबी' या शब्दांना मोजमाप म्हणून काही किंमत नाही.

आणखी एक गोष्ट मला जास्त खटकते. नमुना देखणा दिसावा म्हणून आजूबाजूचं क्लीव्हलँडाइट, क्वार्ट्झ छाटून टाकतात. मग हातात उरतो स्वच्छ गुलाबी गठ्ठा. पण पेग्मॅटाइटच्या कोणत्या पट्ट्यातून तो आला, हे सांगणारं जे होतं तेच आपण फेकून दिलं. हार्डिंगमध्ये गुलाबी मस्कोव्हाइट क्लीव्हलँडाइटच्या सोबतीने एका पट्ट्यात येतं, लेपिडोलाइट वेगळ्या सोबतीत. ती सोबत राहिली असती तर यंत्राशिवायही निम्मं उत्तर मिळालं असतं.

संग्राहकांवर सगळं खापर फोडायचं का?

नाही, आणि हार्डिंगच्या बाबतीत तर मुळीच नाही. १९२० च्या दशकात ही खाण काचउद्योगासाठी लेपिडोलाइट काढायला चालवली गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आर्थर मॉन्टगोमेरी यांनी इथून टँटलमचं खनिज मायक्रोलाइट काढलं, आणि १९५० च्या दशकात बेरिल. हे मॉन्टगोमेरी आधी एडविन ओव्हर यांच्यासोबत खनिज-नमुने शोधणारे आणि विकणारे होते. नंतर ते भूविज्ञानाचे प्राध्यापक झाले. पुढे त्यांनी ही खाण न्यू मेक्सिको विद्यापीठाला शिक्षण आणि संशोधनासाठी दिली. म्हणजे आज एखादा विद्यार्थी तिथल्या भिंतीवर पट्टे बोटाने दाखवू शकतो तो एका संग्राहकामुळे. विद्यापीठातल्या आपल्या लोकांनी नाक मुरडण्याआधी हे आठवावं.

उलट बाजूनेही थोडं बोलते. १९९८ च्या नियमांनी अभ्रकांच्या नावात शिस्त आणली, त्याबद्दल वाद नाही. पण फुक्साइट, अलर्गाइट यांसारखी रंगाशी जोडलेली जुनी नावं स्वतंत्र खनिजनावं म्हणून गेली आणि सगळं 'मस्कोव्हाइट' झालं की एक माहिती हरवते. क्रोमियममुळे हिरवं आणि मँगनीजमुळे गुलाबी झालेलं मस्कोव्हाइट फार वेगळ्या परिस्थितीत तयार झालेलं असतं. संग्रहालयाच्या यादीत दोन्ही एकाच ओळीत बसली तर पुढच्या संशोधकाला हवा तो नमुना सापडणार कसा? नाव ठरवताना रंग चालत नाही, पण नोंदीत रंग हवाच. संग्राहक रंगाला नको इतकं महत्त्व देतो, आपण कधीकधी गरजेपेक्षा कमी देतो.

हे सगळं फक्त शोकेसपुरतं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. आज लिथियमच्या शोधात जगभर पेग्मॅटाइट तपासले जाताहेत. चीनमध्ये जिआंग्शी प्रांतात लेपिडोलाइटपासून लिथियम काढतात. आपल्याकडे कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातल्या मारलागल्ला-अल्लापटणा भागात अणुऊर्जा विभागाच्या संचालनालयाने लिथियमसाठी सर्वेक्षण केलंय. उद्या तुमच्यापैकी कोणी अशा फील्डवर असेल. गुलाबी अभ्रक दिसलं म्हणून वहीत 'लेपिडोलाइट' लिहिलं, तीच नोंद नकाशावर गेली, नकाशावरून नमुने घेण्याची जागा ठरली, तर पुढचे पैसे आणि महिने त्या एका शब्दावर उभे राहतात. आणि उलटही होतं: रंगहीन लेपिडोलाइट 'साधं अभ्रक' म्हणून मागे राहून जातं.

चांगली चिठ्ठी कशी असावी

माझ्या मते चार ओळी पुरतात, पण त्या वेगवेगळ्या ठेवायच्या.

पहिल्या ओळीत जे दिसतं ते: 'गुलाबी अभ्रक, सुमारे तीन मिलिमीटर जाड गठ्ठा, पापुद्र्याच्या समोरून दिवसाच्या उजेडात पाहिलेला रंग.' दुसऱ्या ओळीत सोबत आणि जागा: कोणती खाण, कोणता पट्टा, शेजारी कोणती खनिजं. तिसऱ्या ओळीत काय मोजलं, कशाने मोजलं, आणि काय मोजलं नाही. 'ईडीएस: फ्लोरिन आढळलं नाही. लिथियम मोजलेलं नाही.' हे शेवटचं वाक्य लिहायला लाज वाटून घेऊ नका, संपूर्ण चिठ्ठीत सगळ्यात उपयोगी तेच असतं. चौथ्या ओळीत, आणि फक्त तिथेच, नाव: 'बहुधा मँगनीजयुक्त मस्कोव्हाइट.' 'बहुधा'सकट.

नेहमीच्या चिठ्ठीत क्रम बरोबर उलटा असतो. नाव सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, जणू निसर्गाने ते स्वतः लिहून पाठवलंय. खरं तर नाव हा निष्कर्ष आहे आणि निष्कर्षाची जागा शेवटी. वरच्या तीन ओळी नीट असतील तर नाव चुकलं तरी वीस वर्षांनी कोणीतरी ते दुरुस्त करू शकेल. फक्त नाव असेल आणि तेच चुकलं असेल तर त्या नमुन्याचा पेपरवेट करण्यापलीकडे काही उपयोग राहत नाही.

तुमच्या विभागाच्या संग्रहालयात अभ्रकांचा एक ट्रे नक्की असेल. जमलं तर या आठवड्यात तो उघडा. दहा चिठ्ठ्या वाचा आणि प्रत्येक शब्दापुढे पेन्सिलने एका वहीत लिहा: दिसलेलं, मोजलेलं, की अंदाज. चिठ्ठ्यांवर काही खोडू नका, जुनी चिठ्ठी हाही पुरावाच असतो. मग तेच तुमच्या शोधप्रस्तावाच्या पहिल्या पानावर करून बघा.